एकच फाईल

हे मी बायकोलाही बोललेलो नाही. देवापुढे हात जोडतानाही एवढं सोडून बाकीचं सांगतो — जणू त्याला ठाऊकच नसावं. तुम्हाला सांगतो, कारण तुमचा-माझा व्यवहार नाही. आणि आता लपवायचाही कंटाळा आला आहे.

मिरजगावात हायवेला लागून माझं टायपिंगचं दुकान आहे. अर्ज, प्रतिज्ञापत्रं, लग्नपत्रिका. हमालीत पोती उचलून पहिला कॉम्प्युटर घेतला, तोही जुना, दुकानदार रडकुंडीला येईपर्यंत घासाघीस करून. त्या घासाघिशीत त्याने मेमरी कमी टाकली, हे नंतर कळलं.

वैशाली माझ्याकडे आली तेव्हा तिला माउस धरता येत नव्हता. तिच्या घरचे दरवर्षी दिवाळीनंतर ऊसतोडीला जातात. लग्नानंतर तीही जायची. लेकीची शाळा बुडू नये म्हणून ती मागे राहिली आणि माझ्याकडे टायपिंग शिकून कामाला लागली. मी शिकवलं — हे मी तिला, गिऱ्हाइकांना, चहावाल्यालासुद्धा ऐकवायचो. आणि मग कुणीतरी कानावर घातलं, ती स्टँडजवळ स्वतःचं दुकान टाकणार आहे.

मी तिला विचारलं का? नाही. मनात धरलं. दुसऱ्या दिवशी नियम काढला — नवीन फाईल काढायची नाही. सगळं एकाच फाईलमध्ये, खाली खाली टाइप करत जायचं. फाईलला पासवर्ड माझा, सकाळी मीच उघडून देणार. म्हणजे एकेक नमुना पेनड्राइव्हवर उचलून नेता येणार नाही. केवढी हुशारी वाटली मला ती!

फाईल फुगली. पत्रिकांचे गणपती, शिक्के, फोटो, सगळं तिच्यात. ती उघडेपर्यंत चहा येऊन संपायचा. अक्षर दाबलं की ते मागून सावकाश उमटायचं. दुरुस्तीवाला म्हणाला, "शेठ, मशीनला काय झालं न्हाई. फाईल फोडा, येगयेगळ्या करा." मी त्यालाच झापलं. आपोआप सेव्ह होताना स्क्रीन अडकायचा, म्हणून ते मी बंद करून टाकलं. वैशाली हाताने सेव्ह करायची, तर मी ओरडायचो — सारखं काय सेव्ह सेव्ह, गिऱ्हाईक ताटकळलंय! हळूहळू तिने तेही सोडलं. माझ्या धाकानं.

एक दिवस एक म्हातारे गुरुजी आले. नजर गेलेली. गावाच्या आठवणी ते तोंडी सांगत होते, वैशाली टाइप करत होती. "लिही पोरी, म्हशीनं फळ्यावरचं गणित चाटलं, ते पण लिही. पोरांनी त्या म्हशीला पास केलं होतं!" दोघंही हसत होती. दुपार उतरली आणि स्क्रीन पांढुरका पडला. ते गोल चक्र फिरायला लागलं. दुकानात गर्दी.

वैशाली म्हणाली, "आण्णा, हात नका लावू. जरा दम धरा, येतंय ते."

दम? मी? बटण दाबून धरलं आणि मशीन बंद केलं.

परत चालू केलं तेव्हा फाईल होती, गुरुजींची दुपार नव्हती. आणि मी सगळ्यांसमोर म्हणालो, "सेव्ह करायची अक्कल न्हाई, आन् दुकान टाकायला निघालीय!"

"तुमीच तर —" एवढंच ती म्हणाली. पुढचं मी बोलू दिलं नाही. गुरुजी म्हणाले, "राहू द्या हो, परत सांगतो." पण सुरुवात कुठून केली होती, ते त्यांना आठवेना.

दुसऱ्या दिवसापासून वैशाली आली नाही.

इथवर राग म्हणा. माझा राग सगळ्या बाजाराला माहीत आहे. पण थांबा — सांगायचं ते हे नाहीच.

काही दिवसांनी कर्जतहून एका टायपिंगवाल्याचा फोन आला. वैशाली त्याच्याकडे काम मागायला गेली होती. "बाई कशी हाय?" त्याने विचारलं. तोवर मी गुपचूप फाईल फोडली होती. मशीन सरळ चालत होतं. चूक कुणाची, हे मला पुरतं ठाऊक होतं. दुकानात कुणी नव्हतं, डोकं शांत होतं. मी गोड आवाजात म्हणालो, "माणूस चांगलं हाय हो. पन फायली जातात तिच्या हातनं."

आयुष्यभर भाव करत आलोय. आधी कौतुक केलं की पुढचा शब्द किती खोल लागतो, ते मला कळतं. ते कसब मी तिच्यावर वापरलं.

आणि दुकान टाकणारी बाई दुसऱ्याच्या दारात काम मागेल का? हा प्रश्न मला फोनवर असतानाच पडला होता. उत्तरही कळलं होतं. तरीही बोललो.

दिवाळी झाली. चौकात ऊसतोडीचा ट्रक भरत होता — भांडी, शेळ्या, गोधड्या. मी चहाला उभा होतो. वैशालीने आधी लेकीला वर चढवलं. पोरीच्या पाठीवर शाळेचं दप्तर होतं. मग ती चढली, आणि मला पाहून, पूर्वी रोज संध्याकाळी म्हणायची तसं म्हणाली, "येते, आण्णा."

मी मान हलवली.