जपानी शेवया आणि भुरका

गरम, पातळ पदार्थ आवाज करून ओढून घेतला तर त्याची चव खरोखर वेगळी लागते का, असा प्रश्न मला पडला तेव्हा मी महाडच्या एका शाळेत विज्ञान शिकवत होते. प्रश्न तसा किरकोळ आहे. पण त्या वर्षी माझ्या वडिलांचे जेवण या प्रश्नात अडकले होते, म्हणून तो मला सोडून देता आला नाही.

दोन हजार सालाच्या आसपासची ही गोष्ट. बसस्थानकामागच्या गल्लीत एका गृहस्थाने खाण्याचे दुकान उघडले होते. तो महाडजवळच्याच एका मुसलमान कुटुंबातला. त्याचे भाऊ, चुलते सगळे आखातात गेले; हा एकटा कसा कोण जाणे जपानला पोहोचला, तिथल्या एका रामेनच्या, म्हणजे रश्श्यातल्या शेवयांच्या, दुकानात आधी भांडी घासायला आणि नंतर रश्श्याच्या पातेल्याशी राहिला आणि परत येऊन इथे तेच करू लागला. ‘रामेन’ म्हटले तर कोणी आत येणार नाही, म्हणून त्याने पाटीवर ‘जपानी शेवया’ असे लिहून घेतले होते.

दुकानात टेबले नव्हती. चुलीसमोर एक लांब फळी आणि तिच्या अलीकडे स्टुले, एवढीच मांडणी. त्यामुळे गिऱ्हाईक एकमेकांसमोर न बसता शेजारी शेजारी बसत आणि सर्वांची तोंडे चुलीकडे असत. कोंबडीची हाडे, आले आणि लसूण यांचा रस्सा सकाळपासून मंद उकळत असे. शेवया त्याची बहीण घरी करी. मैद्यात ती थोडा पापडखार घाली. क्षारामुळे मैद्याला पिवळसर रंग आणि चिवटपणा येतो आणि शेवई गरम रश्श्यात लगेच मोडत नाही. ज्यांना शंका असेल त्यांनी पापडखाराशिवाय एक घाणा करून पाहावा.

मी पहिल्यांदा तिथे गेले ते शाळेतल्या एका सहकारी बाईंबरोबर. आम्ही दोघी वर्गात बसावे तशा ताठ बसलो, शेवया काट्याला गुंडाळून, तोंड मिटून हळूहळू चावत राहिलो. मालक फळीचा एकच कोपरा पुन्हा पुन्हा पुसत होता. शेवटी त्याला राहवले नाही.

“बाई, आवडलं नाय का?”

“छानच झालंय की,” मी म्हणाले.

“मग आवाज का नाय येत? तिकडं आमचा म्हातारा मालक गिऱ्हाइकाकडं पाठ करून उभा राहायचा. भुरके ऐकून सांगायचा, आज रस्सा जमलाय का नाय ते. तुमी दोघी बसलात, न् माझं दुकान हाय का वाचनालय तेच समजंना.”

“अहो, आम्ही शाळेतल्या,” सहकारी बाई म्हणाल्या. “भुरका मारला आणि पोरांनी पाहिलं, तर उद्या आम्हालाच अंगठे धरायला लावतील.”

तो हसला आणि त्याने कारण सांगितले. शेवईबरोबर वारा आत जातो, रस्सा निवतो आणि वास वर चढतो. मला ते पटण्यासारखे वाटले. आपण ज्याला चव म्हणतो तिच्यातला मोठा भाग वासाचा असतो आणि घसा व नाक आतून जोडलेले असतात. परंतु पटण्यासारखे असणे म्हणजे सिद्ध होणे नव्हे. सहकारी बाईंनी लगेच प्रयोग केला आणि साडीवर डाग पाडून घेतला. मला मात्र ते जमेना, आणि त्याचे कारण घरी होते.

माझे वडील पोलादपूर तालुक्यात, कापडे गावच्या शाळेत मुख्याध्यापक होते. मधल्या सुट्टीत मुले डबे उघडीत, तेव्हा ते व्हरांड्यातून फेऱ्या मारीत. “तोंड मिटून चावा. कोणी जेवतंय हे शेजाऱ्याला ऐकू येता कामा नये,” हा त्यांचा नियम. तोच नियम घरी आम्हालाही होता.

त्या वर्षी त्यांना अर्धांगवायूचा झटका आला आणि आम्ही त्यांना महाडला आणले. हातपाय सुधारले, बोलणेही बहुतेक पूर्ववत झाले, पण ओठांचा डावा कोपरा मिटेना. आमटी घेतली की आवाज होई आणि थोडी हनुवटीवर ओघळे. काही दिवसांनी ते ताट घेऊन मागच्या खोलीत जाऊ लागले आणि दार लोटून घेऊ लागले. “माझी जेवणाची वेळ वेगळी आहे,” असे कारण त्यांनी दिले. मग त्यांनी आमटी सोडली, ताक सोडले, भातावरचे वरण सोडले. कोरडी पोळी उरली, तीही अर्धी परत येऊ लागली. गळ्याची हाडे दिसू लागली. त्यांनी पोटभर खावे, चारचौघांत बसावे आणि ओठांना काम द्यावे, असे डॉक्टरांनी बजावले होते. यांतले एकही घडत नव्हते.

मी शिक्षक करतात तेच केले, म्हणजे पद्धत बसवली. लहान चमचा आणला, आमटी दाट केली, भाज्या बारीक चिरल्या, मांडीवर पंचा पसरला. वडिलांनी चमचा बाजूला सारला. “मी काय पहिलीत आहे का गो?” एवढेच ते म्हणाले.

तेव्हा मला ती फळी आठवली. आवाज करणे हीच जिथे रीत आहे आणि समोर कोणी बसत नाही, अशी महाडातली तेवढी एकच जागा मला ठाऊक होती. मी आधी एकटी जाऊन मालकाला सगळे सांगितले आणि शेवया बारीक कापून द्यायची विनंती केली.

“कापून नाय देणार, बाई,” तो म्हणाला. “कापली तर गुरुजींनी ओढायचं काय?”

पापडखाराने शेवई कशी पिवळी होते ते दाखवते, असे सांगून मी वडिलांना एका रविवारी दुपारी बाहेर काढले. कारण खरे होते आणि आमिषही होते. दुकानात एकच गिऱ्हाईक होते. बाहेर ट्रक लावून आलेला एक आडदांड माणूस वाडग्यावर ओणवा होऊन असे भुरके मारत होता की ते गल्लीत ऐकू यावेत. वडील त्याच्यापासून एक स्टूल सोडून बसले. त्याने सहज मान वळवली, पुन्हा वळून पाहिले आणि भुरका मध्येच थांबला. लोंबणाऱ्या शेवया त्याने हळूच दातांनी तोडल्या, तोंड मिटले आणि पाठ सरळ केली.

“नमस्कार, गुरुजी. मी कापड्याच्या शाळेतला. शेवटच्या बाकावरचा.”

वडिलांनी त्याला न्याहाळले. “कढीवाला.”

“होय गुरुजी. डब्याच्या झाकणातून कढी प्यायचो. तुमी मला एकट्याला व्हरांड्यात बसवायचात.”

“झालं!” मालक चुलीपाशी पुटपुटला. “पुन्हा वाचनालय.”

खरोखरच तसे झाले. तो माणूस परीक्षेला बसल्यासारखा, आवाज न करता एकेक शेवई चावू लागला. वडिलांपुढे वाडगा आला. ते वाफेकडे पाहत राहिले, मग माझ्या हातातल्या रुमालाकडे. काटा त्यांनी उचललाच नाही. मी रुमालापासून सगळी तयारी केली होती. त्यांचा जुना विद्यार्थी तिथे भेटेल याची मात्र केली नव्हती. आता ते उठणार आणि घरी गेल्यावर मागच्या खोलीचे दार पुन्हा लोटून घेणार, असे मला वाटले.

“तुझ्या शेवया फुगतायत,” वडील त्याला म्हणाले.

“फुगू देत, गुरुजी.”

“फुगू देत काय? इथली रीत काय आहे?” हा प्रश्न मालकाला होता.

“इथं आवाज नाय आला तर मालकाला वाईट वाटतं, गुरुजी.”

“ऐकलंस? मग त्यांना वाईट का वाटू देतोस?”

“तुमच्यासमोर नाय जमायचं,” तो माणूस कळवळून म्हणाला. “पोरगी लग्नाला आली माझी, पण तुमी दिसलात का तोंड आपोआप मिटतं.”

वडिलांनी वाडगा जवळ ओढला. मग म्हणाले, “बरं. तर मग आधी मी.”

त्यांनी काट्यावर शेवया उचलल्या, वाडग्यावर वाकले आणि ओढल्या. आवाज अर्धा भुरक्याचा, अर्धा शिट्टीचा निघाला. रस्सा हनुवटीवरून सदऱ्यावर आला. मी रुमाल घेऊन उठणार तोच मालकाने हातातला डाव हलवून मला नको म्हणून खुणावले.

“गुरुजी,” तो माणूस मोठ्याने हसून म्हणाला, “आता तुमीबी व्हरांड्यात बसायचं!”

वडील हसले. चेहऱ्याची एकच बाजू हलली, पण किती महिन्यांनी हलली. “चल, मी पण येतो,” असे म्हणून त्यांनी दुसरा घास ओढला आणि शेजारच्यानेही ओढला. मग दोघे आळीपाळीने भुरके मारू लागले. मालक आमच्याकडे पाठ करून पातेले ढवळत उभा होता.

“आज रस्सा जमलाय,” तो मागे न वळता म्हणाला.

मीही भुरका मारला. आधी लसूण आणि मागून आले, असे दोन वास मला वेगवेगळे कळले. पहिल्या खेपेस ते कळले नव्हते. परंतु त्या दुपारी भुरक्याखेरीज इतरही बरेच बदललेले होते, त्यामुळे ती नोंद पुरावा म्हणून घेता येत नव्हती.

म्हणून घरी कुळथाच्या कढणावर रीतसर प्रयोग केला. एकाच पातेल्यातल्या दोन वाट्या घेतल्या. एक शांतपणे, दुसरी भुरका मारून. नंतर क्रम उलटा. वडील दारात येऊन उभे राहिले आणि माझ्या पद्धतीतल्या चुका काढू लागले. दुसरी वाटी येईपर्यंत निवते, हे त्यांनीच दाखवले. मग ते बसले. गरम कढणात फरक स्पष्ट जाणवला, निवलेल्यात फारसा नाही, आणि नाक चिमटीत धरले तर दोन्ही सारखीच लागली.

“म्हणजे सिद्ध झालं,” मी म्हणाले.

“एकदा करून सिद्ध होतं का गो? उद्या आमटीवर कर.”

दुसऱ्या दिवशी आमटी झाली, नंतर ताकाची कढी, नंतर सार. प्रयोगासाठी त्यांना आमच्यातच बसावे लागे आणि तो त्यांनी कधी पुरा होऊ दिला नाही. मागची खोली पुढे लोणच्याच्या बरण्यांना उपयोगी पडली. गळ्याची हाडे हळूहळू झाकली गेली.

गल्लीतले दुकान फार वर्षे चालले नाही. गिऱ्हाइकांना लाल सॉसमधल्या परतलेल्या नूडल्स हव्या होत्या, आणि मालकानेही त्या द्यायला सुरुवात केली. त्या खाताना आवाज होत नाही. वडील मात्र शेवटपर्यंत आमच्या पंगतीत भुरके मारून जेवले.

तेव्हा माझे उत्तर असे, की पदार्थ गरम असेल तर भुरक्याने चव वेगळी लागते. पण माझी परीक्षा एकाच घरात झाली, आणि चव घेताना माझे निम्मे लक्ष शेजारच्या ताटाकडे होते. म्हणून वाचकांना विनंती, की त्यांनी हे आपल्या घरी स्वतः तपासून पाहावे. आमटी गरम असावी आणि दोन्ही वाट्या एकदमच भराव्यात.