नोव्हेंबरचं कोमट पाणी

शशीकाकू पूलमध्ये उतरण्याआधी तळहात पाण्यावर टेकवून थोडा वेळ तशाच बसून राहायच्या. अमेरिकेत, अर्विंगमधल्या आमच्या अपार्टमेंटचा तो पूल. सकाळी तिथे दुसरं कुणी नसायचं. मला काठावर कॉफी पीत बसलेली पाहून पहिल्याच दिवशी त्या म्हणाल्या, "मराठी ना? फोनवर बोलताना ऐकलं. हे पाणी फार सपाट आहे गं. त्याला ऋतूच नाहीत."

काकू मूळच्या सोलापूरच्या. मस्कतमध्ये एका दवाखान्यात नर्स होत्या आणि पोहायला तिथेच, चाळिशीत शिकल्या. मागे उघडेबोडके डोंगर, पुढे समुद्र, सावलीला झाड नाही. त्या समुद्राचे महिने त्या नातेवाइकांबद्दल बोलावं तसे सांगायच्या. "जानेवारीत पहिल्या बुडीला श्वास अडकतो, मग बाहेर यावंसं वाटत नाही. एप्रिल सगळ्यात शहाणा. जुलैत वाळूवर पाय ठेवता येत नाही आणि पाणी इतकं गरम की पोहून थकवाच येतो. उजाडताच जाऊन यायचं. त्याच दिवसांत कधी खालून अचानक गार पाणी वर येतं, अंगावर काटा उभा राहतो."

नोव्हेंबरबद्दल त्या बोलत नसत. थंडीसाठी पूल बंद झाला त्या सकाळी मात्र, कुलूप लावलेल्या फाटकाशी उभ्या असताना बोलल्या. "आमचे हे नोव्हेंबरात गेले. सगळं आटोपल्यावर मी समुद्रावर गेले. हवा गार झाली होती, पाणी मात्र अजून कोमट. समुद्र उशिरा थंड होतो ना. मला इतका राग आला. माणूस गेलं आणि ह्याला पत्ताच नाही."

त्यानंतर मुलगा, निखिल, त्यांना अमेरिकेत घेऊन आला होता. पुढे त्याला दूर उत्तरेला, रेडमंडला नोकरी लागली आणि सगळे तिकडे गेले. काकूंचे फोन यायचे. "इथल्या तळ्यात हात घातला तर बोटं दुखायला लागली. निखिल ऑफिसात, नात इंग्रजीत. मी खिडकीत बसून पाऊस बघते."

एक दिवस निखिलचाच फोन आला. "आईने मस्कतचं तिकीट काढलंय. एकटी जाणार, समुद्रात पोहायला. या वयात काही झालं तर? तू तरी समजाव ना यार."

त्याची भीती खोटी नव्हती. मी काकूंना म्हटलं, "निखिल घाबरलाय."

"मीही घाबरलेय," त्या शांतपणे म्हणाल्या. "पण इथे घाबरण्यासारखंसुद्धा काही घडत नाही गं."

एप्रिलमध्ये त्या महिनाभरासाठी गेल्या, जुन्या मैत्रिणीकडे उतरल्या. एकदा रात्री दहा वाजता मी अर्विंगजवळच्या प्लेनोतल्या ऑफिसमधून निघत होते, तेव्हा त्यांचा फोन आला.

"गेलात पाण्यात?"

"आत्ताच पोहून आले. इथे सकाळ आहे. पाणी अगदी हवं तसं होतं. बरीच आत गेले. ह्यांना पोहता येत नव्हतं. थर्मास घेऊन वाळूवर बसायचे. मी आत गेले की सवयीने वळून बघायची, तसं आज बघितलं. किनारा रिकामा. हातपायच चालेनात गं."

"मग?"

"मग काय. पाठीवर पडून राहिले थोडा वेळ आणि माझी मी परत आले. उद्या पुन्हा जाईन."