कोरडा पुठ्ठा

बाबांच्या जुन्या गाडीचं इंजिन ऑइल गळायचं. फरशी खराब होऊ नये म्हणून ते गाडीखाली पुठ्ठा सरकवून ठेवायचे. सकाळी वाकून त्यावरचा डाग बघायचे आणि आईला हाक मारून सांगायचे, "आज कमी आहे गं!" जणू घरातल्या कुणाचा तापच उतरला.

ते गेल्यावर पुठ्ठा आई ठेवू लागली. काल मी गाडी गॅरेजमध्ये नेऊन सील बदलून आणलं. घरातलं एखादं दुखणं बरं होऊ नये असंही कुणाला वाटत असेल, हे माझ्या डोक्यातही आलं नाही.

आज सकाळी पुठ्ठा कोरडा होता. आई गुडघ्यांवर हात टेकून कितीतरी वेळ वाकून बघत राहिली. मी शेजारीच उभा होतो. पण ती हळूच म्हणाली, "अहो, आज काहीच नाही."