मंगळवारी जीभ घासायची नाही

सईचा फोन आला तेव्हा मी ओट्याशी उभी राहून चहासाठी आलं किसत होते. बाहेर कचऱ्याची गाडी आली होती, तिच्या खडखडाटात मला आधी नीट ऐकूच आलं नाही. "मावशी, आई गेली," सई म्हणाली. "आत्ताच. झोपेत. पेन नव्हता अजिबात, आय प्रॉमिस." मी "बरं झालं" म्हणाले. जिवाभावाची मैत्रीण गेल्यावर कोणी असं म्हणतं का, असं तुम्हाला वाटेल. पण खरं सांगायचं तर त्या क्षणी मला रडू आलं नाही, हायसं वाटलं. कुमुद सुटली म्हणून तर वाटलंच, कारण शेवटच्या महिन्यांतले तिचे हाल मी रोज पाहत होते. पण त्याहून जास्त वाटलं ते सई कुठून बोलत होती त्यामुळे. आईच्या घरातल्या पुढच्या खोलीतून ती बोलत होती. ज्या खोलीत पाय टाकायचा नाही असं त्या हट्टी मुलीने कित्येक वर्षं ठरवलं होतं, त्याच खोलीत ती आईचा हात धरून बसली होती. हे घडलं नसतं तर आज हा लेख लिहायला मी बसले नसते, घरातल्या घरात चिडचिड करत राहिले असते...

कुमुद आणि मी लंडनच्या कडेला, पिनरमध्ये एकाच रस्त्यावर राहणाऱ्या. ती पुण्याची नर्स, इथे येऊन हॉस्पिटलच्या वॉर्डांत उमेदीची वर्षं घालवलेली. मी बँकेतली, आकड्यांत डोकं घालून बसणारी. चाळिशी ओलांडल्यावर, नवरा गेल्यानंतर, तिने एकाएकी अ‍ॅक्युपंक्चर शिकायला घेतलं. लंडनच्या कॉलेजात रीतसर अभ्यास केला, काही आठवडे चीनमध्ये राहून तिथल्या दवाखान्यात हात बसवून आली, आणि घराच्या पुढच्या खोलीत प्रॅक्टिस थाटली. एक अरुंद उंच कोच, त्यावर कागदाची गुंडाळी, पाय शेकायला लाल दिवा, वापरलेल्या सुया टाकायचा पिवळा डबा, आणि भिंतीवर एका टकल्या माणसाचा तक्ता. त्याच्या डोक्यापासून अंगठ्यापर्यंत रेघा ओढलेल्या. शरीरात 'ची' नावाची शक्ती या रेघांवरून वाहते, ती कुठे अडली की दुखणं येतं, आणि सुई नेमक्या जागी लावली की वाट मोकळी होते, असं चिनी वैद्यकाचं म्हणणं. मला ते लंडनच्या ट्यूब रेल्वेच्या नकाशासारखं दिसायचं आणि मी तसं म्हणायचेही. कुमुद म्हणायची, "शैला, तुला जिथे उतरायचंय तिथे उतरलीस म्हणजे झालं, नकाशा कशाला हवाय?"

मला उतरायचं होतं ते अर्धशिशीतून. पंचवीस वर्षांचं माझं दुखणं. गोळ्या घेऊन पोट बिघडायचं, न घ्याव्या तर दोन दोन दिवस पडदे ओढून पडावं लागायचं. शेवटी एका मंगळवारी मी तिच्या कोचावर जाऊन बसले. तिने दोन्ही मनगटांवर तीन तीन बोटं ठेवून बराच वेळ नाडी पाहिली आणि म्हणाली, "जीभ दाखव." मी दाखवली. कुमुदने कपाळावर हात मारला. "घासून आलीस ना? अगं, तुम्ही सगळ्या जणी घासून येता! मी वाचू काय?" मग मला कळलं, की जिभेचा रंग, तिच्यावरचा थर, कडेला उमटलेले दातांचे व्रण, हे सगळं बघून चिनी पद्धतीत निदान करतात. तिच्याकडे येणारे इंग्रज, पोलिश पेशंट जशी असेल तशी जीभ घेऊन यायचे. आपली माणसं मात्र डॉक्टरकडे जायचं म्हणून अंघोळ करून, देवाला नमस्कार करून आणि तांब्याच्या जिभलीने जीभ खरवडून गुलाबी करून यायची. पुरावा सगळा घरच्या बेसिनमध्ये वाहून गेलेला. एका अंगारकीला तर एक वहिनी निर्जळी उपास करून आल्या आणि तीन सुयांतच चक्कर येऊन कोचावर गार पडल्या. तेव्हापासून सोमवारी संध्याकाळी कुमुदचा मेसेज यायचा: "उद्या जीभ घासायची नाही. उपाशी यायचं नाही." आयुष्यभराची सवय मोडताना मला कसंसंच व्हायचं. दर मंगळवारी पारोशा तोंडाने रस्ता ओलांडायचे आणि समोरून कोणी मराठी दिसलं की ओठ मिटून नुसतं हसायचे.

अर्धशिशी गेली नाही, पण खूप कमी झाली. सुयांनी झाली, की दर आठवड्याला अर्धा तास गप्प पडून राहिल्याने, असं मी तिला विचारलं होतं. "तू अर्धा तास गप्प राहतेस हेच माझं मोठं यश," ती म्हणाली. कोणी गुडघे घेऊन यायचं, कोणी कंबर, कोणी उडालेली झोप. पण छातीत दुखतंय किंवा गाठ लागतेय असं कोणी म्हणालं की सुईचं पाकीट ती उघडतही नसे. "आधी जीपी डॉक्टरकडे जा, ते काय म्हणतात ते सांग, मग ये," म्हणून परत पाठवायची. वॉर्डातली नर्स तिच्यातून कधी गेलीच नाही, आणि हे एवढं सईने पाहिलं असतं तरी पुढचं काही झालं नसतं.

सई तिची एकुलती एक मुलगी. बर्मिंगहॅमला एका हॉस्पिटलात भूलतज्ज्ञ आहे. मी दोघींना चिडवायचे, की तुम्ही मायलेकी लोकांना टोचूनच पोट भरता. एका दिवाळीला घर पाहुण्यांनी भरलं होतं, आणि फराळ करता करता कुणीतरी सईला विचारलं, आईच्या सुयांबद्दल तुझं डॉक्टर म्हणून काय मत? "प्लसीबो आहे, काका," ती म्हणाली. "अ नाइस लाय-डाउन, दॅट्स ऑल." सगळे हसले. कुमुदही हसली आणि चिवडा वाढत राहिली. मागे स्वयंपाकघरात मात्र तिने विचारलं, असं का म्हणालीस, आणि सईने मुलांना समजवावं तसं सांगितलं, "आई, तू नर्स होतीस. यू शुड नो बेटर." ते लागलं. त्या दिवसापासून सई घरी आली की पुढच्या खोलीचं दार बंद असायचं. यायची, जेवायची, आईची औषधं तपासायची, नळ दुरुस्त करून द्यायची; पण त्या दाराकडे बघायचीही नाही. मला निम्मं सईचं पटायचं, हेही सांगते. पण कुमुद एकदा भांडी विसळताना म्हणाली, "तिने मानावं असं मी कुठे म्हणतेय गं? एकदा आत येऊन बसावं. आई दिवसभर काय करते ते बघावं तरी." हे राहून जाणार, या भीतीने नंतर मला फार छळलं.

कारण नंतर स्वादुपिंडाचा कॅन्सर निघाला. सई त्याच दिवशी ट्रेनने धावत आली, भांडायच्याच तयारीने. कोटही न काढता जिन्यापाशी उभी राहून म्हणाली, "आई, प्लीज, तू नुसता सुया लावणार असं सांगू नको मला." कुमुद शांतपणे म्हणाली, "मी सुया लावते, अक्कल गहाण नाही टाकलेली. केमोची तारीख घेतलीये. शैला सोडणार आहे मला गाडीने." सई खालच्या पायरीवर बसली आणि कोटासकट रडली. इतकी भीती ती मनात घेऊन आली होती हे आम्हा दोघींनाही तेव्हाच कळलं.

केमोने बरं होणार नव्हतं, थोडा वेळ मिळणार होता. पण मळमळ इतकी, की तो वेळ पातेलं मांडीवर घेऊनच जायचा. हॉस्पिटलच्या गोळ्या चालू होत्या, त्यांनी काही भागायचं, काही नाही. मळमळीची एक जागा मनगटावर असते, ती कुमुद इतरांना नेहमी दाखवायची. पण औषधांनी तिची बोटं बधिर झाली होती, स्वतःची जागा स्वतःला सापडेना. ते काम माझ्याकडे आलं. मी मन लावून दाबायचे, आणि ती डोळे मिटून म्हणायची, "शैला, ही जागा तुझ्या समाधानासाठी आहे, माझ्या नाही." एका शुक्रवारी माझी ही धडपड चालू असताना सई आली. दारात उभी राहून तिने क्षणभर पाहिलं. "मावशी, सरका जरा. तुम्ही हाडावर दाबताय." तिने आईचा हात उताणा केला, मनगटाच्या घडीवर तीन बोटं आडवी ठेवली, त्यांच्या वर, दोन शिरांच्या मधोमध अंगठा टेकवला. न शोधता, एका झटक्यात. कुमुदने डोळे उघडले.

"तुला कसं माहीत?"

सईने मान वर केली नाही. "आमच्या बुक्समध्ये आहे, आई. ऑपरेशननंतर लोकांना सिक वाटतो ना, त्याच्यासाठी. काही जण वापरतात."

"कधीपासून माहीत आहे?"

"ट्रेनिंगपासून."

मला वाटलं, आता ते पातेलं उचलून सईच्या डोक्यात घालावं. "हा एकच पॉइंट, आई," ती घाईघाईने म्हणाली. "फक्त हा. बाकी सगळं मी अजून नाही मानत." कुमुद तिच्याकडे बघत राहिली, आणि मग हसायला लागली. इतकी हसली की पातेलं खरंच लागलं. तोंड पुसून म्हणाली, "बरं बाई. एक तर एक." सईचा अंगठा तसाच होता, आणि तिच्या नाकाच्या शेंड्यावरून पाणी आईच्या मनगटावर पडत होतं...

पुढे जिना चढणं जमेना. घरी येऊन बघणाऱ्या डिस्ट्रिक्ट नर्सने हॉस्पिटलचा पलंग मागवला, तो मावेल अशी खाली एकच खोली होती. दार सईने उघडलं. कोचाचे स्क्रू तिने स्वतः काढले, मी खाली बसून ते वाटीत गोळा करत होते. नर्स म्हणाली, भिंतीवरचं ते चित्र काढायचं का? "नो, लेट हिम स्टे," सई म्हणाली. मग स्क्रू ड्रायव्हर फिरवता फिरवता मला म्हणाली, "शाळेत असताना मी एवढा जोरात जीभ घासायचे ना मावशी, रक्त यायचा. आई ब्रेकफास्टला बघायची रोज. तिला कळू नये म्हणून." मी विचारलं, काय कळू नये? "एव्हरीथिंग," ती म्हणाली. पलंग लागल्यावर ती तिथेच, खिडकीजवळच्या पेशंटच्या खुर्चीत बसली आणि रजा घेऊन शेवटपर्यंत तिथेच राहिली. कुमुद जागी असली की पडल्या पडल्या तिला तक्त्यावरची एकेक जागा दाखवायची. सई वाद घालायची. दोघींना ते फार आवडायचं.

जाण्याच्या आदल्या सकाळी मी डबा घेऊन गेले तर सई पलंगावर वाकलेली होती, जीभ बाहेर काढून. "आई, आज घासला नाही. बघ." कुमुदचे डोळे पुरते उघडत नव्हते, तरी तिने खूप वेळ पाहिलं. "जेवत जा वेळेवर," ती म्हणाली. हे सांगायला कोणत्याही आईला जीभ बघावी लागत नाही. पण सईने मोठ्या कन्सल्टंटचा रिपोर्ट ऐकावा तशी मान हलवली.

आता कोच इल्फर्डच्या एका तरुण अ‍ॅक्युपंक्चरवालीकडे गेलाय, पिवळा डबा परत केलाय. तक्ता जागेवर आहे, आणि सई पिनरला आली की त्याच खोलीत झोपते. मी रडले ते नंतर, एकटीने, पोटभर. पण त्या रडण्यात खंत नव्हती, हे मला पुन्हा पुन्हा जाणवतं आणि बरं वाटतं. माझी जिभली मात्र मंगळवारी कोरडीच असते. मेसेज आता येत नाही, तरी सवयीने हात तिच्याकडे जातो आणि मागे येतो. परवाच्या मंगळवारी मी अशीच आरशासमोर उभी होते, तेवढ्यात सईचा व्हिडिओ कॉल आला. हॉस्पिटलच्या निळ्या कपड्यांत, कुठल्याशा कॉरिडॉरमध्ये.

"मावशी, घासला का?"

"नाही."

"मग दाखवा."

मी दाखवली. तिने फोन डोळ्यांजवळ नेला, कपाळाला आठ्या घातल्या, हुबेहूब आईसारख्या.

"काय दिसतंय?" मी विचारलं.

"नो आयडिया. आई काय म्हणाली असती?"

"चहा कमी कर म्हणाली असती."

"मग चहा कमी करा," सई म्हणाली. इकडे तिकडे कोणी नाही असं बघून तिने पटकन स्वतःची जीभ बाहेर काढली आणि तशीच थांबली. मी चष्मा लावला, सावकाश बघितलं, आणि म्हणाले, "जेवत जा वेळेवर."