फ्यूजचा बाण आणि नानांची कॅसेट

चार माणसं अॅम्प्लिफायरभोवती बसली, की गाणं कमी आणि किस्से जास्त जमतात. आमचे तर इतके जमलेत, की त्यातले खरे किती आणि दीक्षितांचे किती, हे आता मलाही सांगता यायचं नाही. मी विज्ञानाचा मास्तर, त्यात स्वभावानं संशयी. तेव्हा हे गाळून घेतलेलं आहे असं समजा!

नव्वदच्या आसपासची गोष्ट. बैठक शुक्रवारी, कारण शुक्रवारी भिवंडीतले लूम, म्हणजे यंत्रमाग, बंद. इतर दिवशी आमच्याकडे गाणं ऐकायचं म्हणजे कुठलाही राग असो, ताल भिंतीपलीकडून ठरलेला! बैठकीत पक्के तिघंच. दीक्षित वकील, ज्यांच्या घरी आम्ही जमायचो. जवळच्या काल्हेर गावचे नाना पाटील. आणि मी.

*

एका शुक्रवारी दीक्षितांनी मखमली डबी उघडली. वाटलं, वहिनींना कुड्या आणल्या. आत काचेचा फ्यूज! अॅम्प्लिफायरच्या पाठीमागे बसतो ना, बोटाच्या पेराएवढा, तसलाच. फक्त त्यावर बाण काढलेला.

"मास्तर, बाण आवाजाच्या दिशेनं पाहिजे. उलटा बसला की गाणं मेलं!"

मी म्हटलं, "अहो, घरातली वीज सारखी पुढे-मागे करत असते. बाण दाखवताय कुणाला? पुरावा काय?"

"पुरावा कसला मागता? कान द्या!"

आणि हा माणूस आयुष्यभर कोर्टात पुरावे मागत आलेला!

*

मी पोट धरून हसलो. नाना हसले नाहीत. "मास्तर, बघू द्या ना लावून. तुमचं काय जातंय?"

नानांचं काय अडलंय, ते आम्हाला ठाऊक होतं. त्यांच्याकडे वडिलांच्या भजनाची एकुलती एक कॅसेट होती. कामतघरला मामाच्या चाळीत भरलेली, मागे लूम चालू. भजन संपतं, आणि टेप बंद व्हायच्या आत एक वाक्य येतं. ते खडखडाटात पार बुडालेलं. बोलणारा पुरुष की बाई, एवढंसुद्धा लूमनं शिल्लक ठेवलं नव्हतं. वडील त्यानंतर लवकरच गेले.

"बाबा मला काहीतरी सांगतायत," नाना म्हणायचे. गावच्या जमिनी गोडाउनसाठी विकल्या गेल्यावर लोकांनी जीपगाड्या घेतल्या, नानांनी त्या वाक्यासाठी अॅम्प्लिफायर घेतला. कॅसेट दार लावून एकटेच ऐकायचे. आईला रडू येईल म्हणून तिच्यासमोर कधी लावली नाही.

दीक्षित त्यांना म्हणाले, "नाना, हा फ्यूज सुलटा बसू द्या. तुमचं वाक्य ऐकू आलंच म्हणून समजा."

तेव्हा मात्र माझं टाळकं सटकलं. चेष्टा करा, पण नानांच्या बाबांवरून नको!

*

मग मी दीक्षितांच्या मागेच लागलो. फ्यूजचं प्रात्यक्षिक दर वेळी शुक्रवारीच का? कुठंतरी पाणी मुरतंय! म्हटलं, "सोमवारी करा की."

सोमवारी शेजारचे लूम धडधडत होते, व्होल्टेज पडलेलं, डोक्यावरचा बल्ब लाल झालेला. टेप रेंगाळली आणि गाणारी बाई अचानक बुवा झाली!

"काय हो वकीलसाहेब, बाणाचं काय झालं?"

दीक्षित शांतपणे म्हणाले, "नवीन आहे. अजून रुळला नाही."

*

एकदा पडदा लावून परीक्षा घेतली. आम्ही अलीकडे, वहिनी पलीकडे. मशीन बंद करून त्यांनी फ्यूज काढायचा, मनाला येईल तसा उलटा-सुलटा बसवायचा, पुन्हा चालू करायचं. दीक्षितांनी नुसतं ऐकून सांगायचं.

गाणं सुरू झालं. दीक्षितांनी डोळे मिटले. "फिरवला! आता उलटा आहे. तंबोरा बघा कसा कोंदटला!"

पलीकडून वहिनी वैतागून म्हणाल्या, "अहो, मी अजून हातसुद्धा लावला नाहीये. याचं झाकणच निघत नाही!"

मी टाळी द्यायला हात पुढे केला. दीक्षित जराही हलले नाहीत.

"हो, पण फिरवायचं मनात आलं होतं ना तुझ्या?"

*

गणेशपुरीच्या आश्रमात आलेल्या एका गोऱ्याला दीक्षितांनी एसटीत बसवून घरी आणलं. परदेशी माणूस, त्याला यातलं कळणारच! गोऱ्यानं मांडी घातली, डोळे मिटले. कॅसेटची एक बाजू संपली, तरी उघडेना. मग घोरायला लागला.

"बघितलंत?" दीक्षित माझ्या कानात म्हणाले. "समाधी!"

*

शेवटी नानांनीच हट्ट धरला आणि आम्ही काल्हेरला गेलो. शुक्रवारची दुपार. आतून सुकटीचा वास येत होता. दीक्षितांनी नानांच्या अॅम्प्लिफायरमध्ये फ्यूज बसवला. नानांनी कॅसेट लावली. आमच्यासमोर पहिल्यांदाच. मला दीक्षितांचा संताप आला होता, आणि नानांकडे बघवत नव्हतं.

भजन संपलं. खडखड. आणि नाना ओरडले, "आला! आला!"

पुन्हा मागे घेतली. या वेळी मीही कान लावला. आजही सांगताना चरफडतो, पण मला ऐकू आलं. खडखडीच्या मागे, आवाज कुणाचा ते कळेना, पण शब्द स्पष्ट.

"नाना, जेवलास का?"

दीक्षितांनी माझ्याकडे असं बघितलं, जणू हायकोर्टात केस जिंकलेत! नाना धाय मोकलून रडायला लागले. "बाबा इचारत व्हते... जाता जाता मला इचारत व्हते..."

दारात त्यांची आई उभी होती. पदराला हात पुसत.

"बाबा कशाला इचारतोय? त्यो भजनाला बसला की त्याला पोराबाळांची सुद नसायची. मीच इचारलं व्हतं. तू तवाबी त्या मशिनीतच डोकं घालून बसलेला. वळून पन बघितलं न्हाईस."

खोलीत नुसती टेप फिरत होती.

"आनी आज बी कवापासून हाका मारतंय," आई म्हणाली. "जेवलास का?"

नाना तिच्याकडे बघत राहिले. मग त्यांनी हात लांब करून अॅम्प्लिफायर बंद केला.

"न्हाय, आये," ते म्हणाले. "वाढ."