समोरच्या काकांची विजेची शेगडी

उभ्या भाईंदर पश्चिमेत आमच्या समोरच्या दारातल्या काकांइतका शूर माणूस नसेल, आणि त्यांच्याइतका भित्राही नसेल. आयुष्यभर ते आग विझवायच्या नोकरीत होते. जळत्या गोदामात शिरून माणसं बाहेर आणणाऱ्या या माणसाला घरात मोबाइलचा चार्जर रिकामा लटकलेला दिसला तरी घाम फुटतो. लग्नाच्या हॉलमध्ये गेले की नवरा-नवरीकडे बघायच्या आधी ते बाहेर पडायची दारं मोजतात. एका लग्नात मागच्या दाराला कुलूप दिसलं म्हणून त्यांनी किल्ली येईपर्यंत मंगलाष्टकं थांबवून धरली होती. आमच्या घरी ते चहाला आले तर आधी मिक्सरच्या प्लगला हाताची पालथी बाजू लावतात, मग खुर्चीत बसतात. माझ्या वडिलांची रिक्षा आहे. तिच्यातला आग विझवायचा छोटा सिलिंडर मुदत संपायच्या आत बदलायची आठवण वडिलांना मीटरवाला देत नाही, काका देतात.

मला ते नावाने कधी हाक मारत नाहीत. आमच्या घरातून कॉलेजात जाणारा मी पहिलाच, त्यामुळे त्यांनी माझं नावच ‘कॉलेज’ ठेवलंय. "काय कॉलेज, आज लवकर?" असं जिन्यातून विचारतात. मी बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला आहे हे मी त्यांना पुष्कळदा सांगितलं, पण कॉलेजात जाणाऱ्याला वीज, औषधं, कायदा आणि इंग्रजी हे सगळंच येतं, या त्यांच्या समजुतीवर त्याचा काही परिणाम झाला नाही.

मागच्या वर्षी एका आजारपणात काकूंना वास यायचाच बंद झाला. ताप उतरला, तोंडाला चव आली, वास मात्र परत आला नाही. काकू इथल्याच राई गावच्या. त्यांना बोंबील ताजा की कालचा हे टोपलीवरचं फडकं काढायच्या आधी कळायचं. तरी त्यांनी फारसा बोभाटा केला नाही. पण एका दुपारी मी कॉलेजातून येत होतो आणि दुसऱ्या मजल्यावरच मला गॅसचा वास आला. काका भाजी आणायला गेले होते. मी धावत वर जाऊन दार ठोठावलं. काकूंनी दार उघडलं, हातात अर्धी निवडलेली मेथी. मागे शेगडीची ज्योत वाऱ्याने विझली होती आणि बटण तसंच चालू होतं. काकू त्याच वासात अर्धा तास शांतपणे बसल्या होत्या. तेवढ्यात काका आलेच. त्यांनी एकाही दिव्याच्या बटणाला हात लावला नाही. रेग्युलेटर बंद केला, खिडक्या उघडल्या, काकूंना दंडाला धरून खाली आणलं. हे सगळं त्यांनी इतक्या शांतपणे केलं की मला वाटलं, काही विशेष घडलंच नाही. मग कट्ट्यावर बसल्यावर त्यांनी भाजीच्या पिशवीतले टोमॅटो एकेक करून तीनदा मोजले.

दुसऱ्याच दिवशी सिलिंडर घरातून गेला आणि डबा सुरू झाला. पुण्याला राहणारी त्यांची मुलगी म्हणाली, आता दोघंही माझ्याकडे या, दिवाळीला न्यायलाच येते. काकूंनी डब्यातली पिवळी डाळ चमच्याने हलवून पाहिली आणि म्हणाल्या, "माज्याच घरात मी पाहुनी झाले. मला वास न्हाय येत, डोकं न्हाय गेलं माजं." चार दिवसांनी काकांनी मला बोलावलं आणि म्हणाले, "कॉलेज, आपल्याला दिवाळीच्या आत विजेची शेगडी बसवायची आहे. हिला हिच्या ओट्यासमोर उभी करायचीय."

इंडक्शन घ्या असं सगळ्यांनी सुचवलं. पण काकूंची सगळी टोपं ॲल्युमिनियमची, ती त्यावर तापत नाहीत, आणि टोपं बदलायला काकू तयार नव्हत्या. शेवटी पूनम सागर वसाहतीतल्या, आखातातून परतलेल्या एका कुटुंबाकडे विजेवर तापणाऱ्या चार तव्यांची, खाली ओव्हनची भट्टी असलेली उभी शेगडी न वापरता पडून होती, ती आणली. तिच्याबरोबर एक जाडजूड इंग्रजी पुस्तिका आली, आणि ती वाचायला अर्थातच मी. रोज संध्याकाळी काका चष्मा लावून वही घेऊन बसायचे आणि मी एकेक वाक्य मराठीत सांगायचो. तिसऱ्या दिवशी शेगडी भिंतीला बांधून ठेवायच्या पट्टीपाशी मी अडकलो. दोनदा वाचलं, काही कळेना. काहीतरी ठोकून द्यावं असं मनात आलं, पण जमलं नाही. "काका, मला हे समजत नाहीये," मी म्हणालो. मला वाटलं, आता कॉलेजची किंमत उतरली. ते वहीतून वर बघून म्हणाले, "छान. धूर दिसतोय पण आग कुठंय ते माहीत नाही, असं म्हणणारा माणूस बरोबर असावा. सगळं कळलंय म्हणणाऱ्याच्या मागे मी कधी जिना चढलो नाही." मग आम्ही ते पान घेऊन एका वायरमनकडे गेलो.

वायरमन लायसनवाला होता. तो घर बघायला आला तेव्हा काकांनी त्याचं लायसन दोन्ही बाजूंनी वाचलं, मगच त्याला पाणी दिलं. त्याने सांगितलं की ही शेगडी साध्या प्लगवर लावायची नाही. वीज कंपनीकडून घराचा लोड वाढवून घ्या, मीटरपासून वेगळी जाड तांब्याची वायर ओढू, तिला तिचा वेगळा ब्रेकर, आणि करंट कुठे पाझरला तर तत्काळ शेगडीची वीज तोडणारा दुसरा. बंद करायचं बटण शेगडीच्या वर नको, बाजूला हवं. नाहीतर पेटल्यावर आगीवरून हात न्यावा लागेल. हे ऐकून काकांनी त्याला स्वतःहून चहा दिला. तो चहा आमच्या घरून गेला. पण मग वायरमनने अर्थिंग तपासलं आणि मान हलवली. "काका, पिन में वायर है, पर वायर जमीन में जा ही नहीं रही."

बिल्डिंग जुनी. पावसात पाणी भरतं म्हणून सोसायटीने अंगण दोनदा उंच केलं होतं, आणि त्यात वायर जमिनीत उतरते तो अर्थिंगचा कोळसा-मिठाचा खड्डा कुठेतरी गाडला गेला. वायर तुटली असेल असं कुणाच्या ध्यानातही आलं नाही, कारण दिवे तर लागत होते. सेक्रेटरी म्हणाले, "काका, असा खड्डा आपल्याकडे नव्हताच. आणि आत्ताच तर फरशी बसवली, परत खोदायची?" काका म्हणाले, "खोदायचीच." सेक्रेटरींनी अर्ज द्यायला सांगितलं, काकांनी दिला. मीटिंगमध्ये बघू म्हणाले, तर काका रोज सकाळी त्यांच्या दारात जाऊन "मीटिंग कधी?" एवढंच विचारून परत यायला लागले. नवव्या दिवशी सेक्रेटरींच्या बायकोनेच मीटिंग ठरवली. पण खोदायचं कुठे, हा प्रश्न होताच. नकाशा कुणाकडे नव्हता. मीटिंगमध्ये सगळे एकमेकांकडे बघत असताना मागून काकू म्हणाल्या, "ती स्कूटर उभी हाय ना, तिच्या खाली. बिल्डिंग झाली तवा पोरं कोळसा नि मीठ वतत होती. मीच बोलले त्यांना, मिठागराच्या गावात मीठ इकत आणता, येडे का काय." स्कूटर सेक्रेटरींची होती. ती हलवली, खोदलं, आणि हातभर खाली गंजलेली पट्टी सापडली. नव्या खड्ड्यासाठी काकूंच्या भावाने राईहून खड्या मिठाचं पोतं पाठवलं. काका स्वतः खड्ड्याशी उभे राहून कोळशाचा थर, मिठाचा थर, असं घालून घेत होते. येणारे-जाणारे विचारत, "काका, कसली पूजा?" काका म्हणत, "आहे एक."

दिवाळीला दहा दिवस उरले असताना शेगडी सुरू करायचा दिवस आला. काकूंनी तिला हळद-कुंकू लावलं आणि दुधाचं पातेलं वर ठेवलं. नव्या चुलीवर दूध उतू गेलंच पाहिजे, असा त्यांचा आग्रह. काका म्हणाले, "विजेवर दूध सांडणार नाही. उकळी आली की बंद." बराच वाद झाला. शेवटी काकू "बरं" म्हणाल्या, आणि तेवढ्यावर काकांनी विश्वास ठेवला. उकळी आली, काकूंनी गॅससारखं बटण फिरवून बंद केलं, पण विजेचा तवा लगेच निवत नाही, तो लालच राहिला. दूध वर चढलं आणि भसकन सगळीकडे पसरलं. बोर्डात खट् असा आवाज झाला. फक्त शेगडीचा, करंट पाझरला की पडणारा ब्रेकर पडला होता. घरातले दिवे तसेच चालू होते, पंखा फिरत होता, आणि काकूंचा हात शेगडीच्या कडेवर तसाच होता. वायरमनने पुढे होऊन बाजूचं बटण बंद केलं आणि म्हणाला, "अब आराम से सो जाओ काका. जिसके लिए लगाया था, वही हुआ, और काकी को कुछ नहीं हुआ." काकूंनी ओट्यावरचं दूध पाहिलं. "गेलं ना उतू," त्या म्हणाल्या. "माजं काम झालं."

शेगडी उघडून पुसली, वाळवली, दुसऱ्या दिवशी वायरमनने पुन्हा सगळं तपासलं. मुलगी दिवाळीला आली, चार दिवस आईच्या हातचं जेवली आणि एकटीच परत गेली. तरी काका काकूंना स्वयंपाकघरात एकटं सोडत नसत, दारात स्टूल टाकून बसत. मग हळूहळू स्टूल हॉलमध्ये आलं, आणि एका रविवारी काका चक्क खाली कट्ट्यावर येऊन माझ्याशेजारी बसले. मी परीक्षेचं काही सांगत होतो, ते ऐकत होते. इतक्यात वरून बोंबलाच्या कालवणाचा वास आला, लसणाचा, चिंचेचा, अगदी राईकडचा. काका बोलता बोलता थांबले आणि लगबगीने उठले. मी घाबरलो. विचारलं, "काय झालं काका, काही जळतंय का?"

"नाही रे," ते म्हणाले. "मस्त वास सुटलाय. तिला कळत नसेल ना. सांगून येतो."