उदास पाय, टकली मांजर आणि काळ्या

एका घरात मनाची गोळी आली की गावात किस्से आपोआप जमतात. वालूरात ती पहिल्यांदा आमच्याच घरी आली.

दादाला जीपनं उडवलं, तो जागीच गेला. त्याला तीन महिने होत आले होते. मी जेवत नव्हतो. कुणी बोललं की अंगावर धावून जायचो. आईनं दवाखान्यात नेलं, तर डॉक्टरबाईंनी डिप्रेशनची गोळी लिहून दिली. "मी काय येडा हाय का?" म्हणत मी ती चिठ्ठी शेळीपुढं धरली. तिनं दोन घासांत संपवली!

आई दुसरी चिठ्ठी मागायला गेली. बाई म्हणाल्या, "शेळीला आता कसं वाटतंय?"

गोळ्या आल्या, पण मी हात लावला नाही.

शुगरमुळं बापूमामांच्या पायांची लय आग व्हायची. त्यांनाही असलीच एक गोळी मिळाली. ती डिप्रेशनलाही देतात हे कळताच मामा भडकले. "मी पोटभर खातो, दिवसभर हसतो. उदास कोण हाय, माझे पाय?" बाईंनी समजावलं, थोड्या डोसमध्ये ती नसांची आग शमवते. आग खरंच कमी झाली. आता कुणी तब्येत विचारली की मामा पाय पुढं करतात, "यांनाच विचारा, मूड कसा हाय!"

सरूकाकूलाही उदासीवर गोळी मिळाली. पहिली घेऊन ती दुपारपर्यंत ओट्यावर वाट बघत बसली. मग थेट दवाखान्यात! "हसू यायलंच न्हाई!"

"काकू, दोन-चार आठवडे लागतात."

"मग तारीख लिहून द्या. पाहुण्यांना बोलावते."

गुरुजींची मांजर स्वतःला चाटून चाटून टकली झाली. परभणीच्या जनावरांच्या डॉक्टरांनी तपासून तिलाही मनाची गोळी दिली. गुरुजींची बायको म्हणाली, "मांजरीला टेन्शन! अन् मी वीस वर्षं सासूसंगं राहून ठणठणीत?"

मग आमचा काळ्या. दादाचा मेंढरांमागचा कुत्रा. दादाच्या घोंगडीवरून उठायचा नाही, खायचा नाही. त्याच डॉक्टरांनी त्याच्या वजनाप्रमाणं वेगळी गोळी दिली, भाकरीत घालून द्यायला सांगितली. काळ्यानं तोंड फिरवलं.

आईच्या ध्यानात आलं. रानात दादा आधी आपण घास खायचा, मग त्याला द्यायचा. तशी सवयच लावली होती.

तिनं दोन घास केले. एकात त्याची गोळी, एकात माझी. "तू खाल्ल्याबिगर तो खात न्हाई. आता बघ बाबा, घरातलं आणखी एक जाऊ द्यायचं का?"

मी गिळला. काळ्या माझ्या गळ्याकडं बघत होता. मग त्यानंही खाल्ला.

महिन्यानं बाईंनी विचारलं, "गोळी कोण देतं तुला?"

"कुत्रा."

बाईंचा पेन थांबला. "चुकवत नाही ना?"

"एक दिवस न्हाई. सकाळी समोर येऊन बसतो. मी गिळेपर्यंत हालत न्हाई."

बाईंनी कुत्र्याचं नाव विचारलं आणि चिठ्ठी लिहून दिली. मेडिकलवाल्यानं ती दोनदा वाचली, मग मोठ्यानं वाचली, "सकाळी एक. काळ्यासमोर."